सरांना दाखवायचं गणित

मी सिंधु. कंधार डेपोला कंडक्टर आहे, सतरा वर्षं झाली. माझ्या तोंडाची कीर्ती लोह्यापासून नांदेडपर्यंत पसरलेली आहे, ती मी आपल्याच तोंडानं सांगायची गरज नाही. तरी सांगते, कारण पुढची सगळी भानगड त्या तोंडामुळंच झाली. दारात कुणी लोंबकळलं की मी बोलते. सुट्टे नाहीत म्हणलं की बोलते. म्हातारं माणूस उभं आणि तरणाताठा गडी सीटवर मोबाइल बघत बसलेला दिसला, तर मग विचारूच नका. पण गाडीतली माणसं आपापल्या गावाला उतरतात अन् विसरून जातात. घरातलं माणूस विसरत नाही, हे मला यंदाच्या जूनमध्ये कळलं.

जूनमध्ये नीटचा निकाल लागला. माझी ऋतुजा दुसऱ्यांदा बसली होती. बायोलॉजीत तीनशे साठपैकी तीनशे एकतीस. केमिस्ट्रीत एकशे बारा. आणि फिजिक्समध्ये एकशे ऐंशीपैकी एक्केचाळीस. एवढ्या बायोलॉजीवर पोरगी हसत हसत डॉक्टर झाली असती, पण फिजिक्सनं पाय धरून खाली ओढली. मी त्या दिवशी नांदेडच्या दोन फेऱ्या मारून आले होते, डोकं भणभणत होतं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणलं, "तुझ्या डोक्यात फिजिक्स जायचंच न्हाई. जन्मात न्हाई."

ऋतू रडली नाही. रडली असती तर मी दोन मिनिटांत तिला जवळ घेतलं असतं, मला माहीत आहे माझं. तिनं गुमान फिजिक्सच्या चार जाड वह्या उचलल्या, ज्यांतली सूत्रं तिला आरतीसारखी पाठ होती, पोत्यात घातल्या आणि माळ्यावर टाकून दिल्या. त्या दिवसापासून पोरीचं बोलणंच बंद. तसा अबोला म्हणावा तर तो पण नाही. जेवलीस का, हाव. नळ आला का, न्हाई. एवढंच. अहो, हीच पोरगी लहानपणी माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसून कंधारपासून लोह्यापर्यंत एकटीच बडबडायची, ड्रायव्हर बेजार व्हायचा. आता घरात फक्त माझाच आवाज येऊन राहिला होता, आणि माझा मलाच तो नकोसा झाला.

जुलैमध्ये ती एकदाच सलग बोलली. म्हणाली, कंधारच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घालते, शनिवार शेवटची तारीख आहे, डॉक्टरचा विषय आता पुन्हा काढू नको. तिचे पप्पा म्हणाले, करू दे तिच्या मनासारखं. पण ते तिच्या मनासारखं नव्हतं हो. पाचवीत असल्यापासून जी पोरगी बेडकाचं काळीज कागदावर काढून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, तिनं माझं एक वाक्य खरं धरून डॉक्टर व्हायचं सोडून दिलं होतं. तोंडानं मोडलेलं पायांनी जोडावं लागणार होतं, दुसरा इलाज नव्हता.

मी तिला म्हणलं, शनिवारपर्यंत मला वेळ दे. फिजिक्सचा असा मास्तर शोधून देते की तू स्वतःच नाव घालशील. नाही सापडला तर माहूरच्या रेणुकामातेची आण, पुन्हा तोंडातून डॉक्टर हा शब्द काढणार नाही. तिनं भाताचं ताट बाजूला सारलं.

"शनिवारपर्यंत," ती म्हणाली.

आता आमच्याकडं मास्तर शोधायचा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. नांदेड-लातूरला प्रत्येक विषयाचा सर वेगळा, आणि कोणता सर कशाला चांगला हे शेंबड्या पोराला पण तोंडपाठ. भाजीवाली मेथीची जुडी देता देता सांगते, बायोला नांदेड करा, फिजिक्सला लातूर. आमचे ड्रायव्हर हणमंतराव, ज्यांच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नाही, त्यांनी स्टिअरिंगवरचा हात न काढता मला पाच सरांची नावं पत्त्यासकट सांगितली. मी आठवडाभराची रजा टाकली. साहेबानं कारण विचारलं तेव्हा म्हणलं, मास्तर शोधायचाय. त्यानं लगेच सही केली, कारण त्याची पण पोरगी अकरावीला होती.

सोमवारी ऋतूला घेऊन नांदेड. चार क्लासमध्ये गेलो. चारही ठिकाणी काचेचं दार, एसीचा गारवा, काउंटरवर गोड बोलणारी मुलगी आणि तीच कॅसेट, की मागच्या वर्षी आमचे इतके लागले, त्याच्या मागच्या वर्षी तितके. फिजिक्स कोण शिकवतं असं विचारलं की म्हणायच्या, मॅडम, आमची सिस्टीम शिकवते. सिस्टीमला मी काय डोंबल विचारणार? पहिल्या क्लासच्या बाहेर मात्र दोन मजले उंच पाटीवर एका मुलीचा फोटो होता. सावळी, दोन वेण्या, आणि डोळे असे की आपणच खाली बघावं. खाली नाव लिहिलेलं, बुद्धप्रिया, आणि नावापुढं मार्क. ते मार्क वाचून मी रस्त्यात उभ्या उभ्या हात जोडले. कुणाच्या तरी पोटी असलं लेकरू जन्माला येतं, आणि ते आपल्यासारखंच वरणभात खातं.

दुसऱ्या क्लासवर बघते तर तीच पोरगी, टी-शर्टचा रंग तेवढा वेगळा. तिसऱ्यावर तीच. चौथ्यावर तीच, हातात पेढ्यांचा बॉक्स. मला वाटलं, सगळे एकाच मालकाचे असतील, शाखा असतील. काउंटरवर विचारलं तर मुलगी म्हणाली, नाही नाही, बुद्धप्रिया फक्त आमचीच. मागच्या क्लासवाली पण हेच म्हणाली होती.

मंगळवारी लातूर. ट्युशन एरियात उतरलो आणि खरं सांगते, मी बघतच राहिले. एवढी पोरं मी जत्रेत पण एका जागी बघितली नाहीत. पाठीवर सॅक, हातात वही, चालता चालता ओठ हलतायत. चहाच्या टपरीवर केमिस्ट्री, पाणीपुरीच्या गाड्यावर बायोलॉजी. एका क्लासमध्ये आम्हाला मोठा हॉल दाखवला. चारशे मुलंमुली पेपर सोडवत बसली होती, आणि आवाज फक्त पंख्यांचा. मला आयुष्यात पन्नास माणसं गप्प बसवता आली नाहीत, इथं चारशे जणांत कुणी खोकत सुद्धा नव्हतं. कुणाचा बाप परभणीत भाजी विकत असेल, कुणाची आई अंबाजोगाईत कपडे शिवत असेल, आणि ह्या सगळ्या लेकरांना डॉक्टर व्हायचंय. म्हणलं, ठरलं, इथंच नाव घालायचं.

ऋतू दारातच थांबली होती. तिनं माझी बाही ओढली.

"आई, मला समजलं न्हाई हे इथं कुणाला कळंल?"

मी तिला घेऊन बाहेर आले, वर बघितलं, तर पाटीवर बुद्धप्रिया. समोरच्या बिल्डिंगवर बुद्धप्रिया. कोपऱ्यावर बुद्धप्रिया. नांदेडच्या चार आणि इथल्या तीन, झाल्या सात. तेव्हा मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एका तिकिटावर एकच माणूस बसतं, हा माझा सतरा वर्षांचा कायदा. एकटी पोरगी सात गाड्यांत एका वेळी कशी बसली? मी तिथं रस्त्यावरच ठरवलं, आता काउंटरला काही विचारायचं नाही. ह्या पोरीलाच विचारायचं.

कंडक्टरला पत्ता काढायला किती वेळ लागतो? एका पाटीवर तिचं गाव मुदखेड लिहिलेलं होतं. मुदखेडच्या गाडीवरच्या आमच्या बाईला फोन लावला, तिनं तिकीट देता देता सांगितलं, स्टेशनच्या पलीकडं जा, गुणाबाई अंगणवाडीवालीचं घर विचारा, कुणी पण दाखवील. बुधवारी आम्ही दारात हजर.

दोन खोल्यांचं घर. फळीवर बुद्धाची मूर्ती आणि तिच्या बाजूला सात ट्रॉफ्या दाटीवाटीनं उभ्या. गुणाबाईंनी पाणी दिलं, खोबऱ्याची वडी दिली, म्हणाल्या, खावा ताई, लाजू नका, सात सत्कारांचे सात नारळ आलेत, वड्या करून करून हात दुखले माझे. बुद्धप्रिया पाटीवर दिसते त्याच्या निम्मी निघाली. ओसरीत बसून आईच्या अंगणवाडीच्या रजिस्टरला पट्टीनं रेघा मारून देत होती. एवढं मोठं माणूस रेघा मारतंय हे बघून मला कसंतरीच झालं. उगं उठून उभी राहिले.

मी विचारलं तसं तिनं हसत हसत सगळं सांगून टाकलं. एका क्लासला ती वर्षभर केमिस्ट्री आणि बायोलॉजी शिकली, ते खरं. बाकी कुठं चार रविवार सराव परीक्षा दिली, कुठं एकच पेपर लिहिला, आणि दोन ठिकाणी तर निकाल लागल्यावर पहिल्यांदा पाय ठेवला, शाल घ्यायला. फोटो मात्र सगळ्यांनी काढून घेतला. आमच्याकडं ही रीत सगळ्यांना मालूम असते म्हणे, मीच एक पाटीवरचं खरं समजून हात जोडत फिरले.

"आणि फिजिक्स?" मी विचारलं.

तिनं पट्टी खाली ठेवली.

"फिजिक्स शिवशंकर सरांकडं, लातूरला. पण मावशी, त्यांची पाटी न्हाई. ते आठच जणांना घेतात. आणि स्वतः एक पण गणित सोडवून दाखवत न्हाईत."

मी म्हणलं, सोडवत नाही तर मास्तर कसला? ती ऋतूकडं वळली. म्हणाली, पहिल्या वर्षी मला फिजिक्समध्ये सदतीस होते. सरांकडं गेले तेव्हा दोन महिने रोज रडत रूमवर यायचे, आणि मग एक दिवस प्रश्न वाचला आणि तो माझ्यासमोर घडायला लागला. हे ती अशा आवाजात म्हणाली, की आपण देव बघितला म्हणून कुणी सांगावं. ऋतूनं मान वर केली. सदतीस मार्कांच्या पोरीचा फोटो दोन मजले उंच लागू शकतो, हे माझ्या तरी डोक्यात मावेना, आणि ऋतूच्या डोक्यात काय चाललंय ते चेहऱ्यावरून कळेना.

बुद्धप्रियानं सरांना फोन करून शुक्रवारची वेळ घेतली. सर म्हणाले म्हणे, एक जागा रिकामी झालीय, पण कबूल काही करत नाही, आधी बघू.

शुक्रवारी परत लातूर. गंजगोलाईच्या बाजाराच्या मागल्या बाजूला एका गल्लीत पिठाची गिरणी, गिरणीच्या अंगानं वर जाणारा लोखंडी जिना, आणि वर एक लांबट खोली. गिरणीची घरघर एवढी, की बोलायचं तर वरच्या पट्टीत बोलावं लागत होतं. मी मनात म्हणलं, वा सिंधुबाई, एसी सोडून आलात कुठं तर इथं. सतरंजीवर सात पोरं बसलेली. खुर्चीत सर, साठीला टेकलेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोंडात सुपारी. भिंतीला फळा नव्हता. मी सगळीकडं बघितलं, खोलीत कुठंच फळा नव्हता.

एक पोरगी उभी राहून मोठ्यानं सांगत होती, की सर, एक उतार आहे, तीस अंशाचा. त्याच्यावर एक ठोकळा आहे. ठोकळ्याला दोरी बांधलीय, ती वर चाकावरून पलीकडं गेलीय आणि पलीकडं दुसरा ठोकळा लोंबतोय. सरांचे दोन्ही हात हवेत होते. डाव्या तळव्याचा त्यांनी उतार केला होता आणि उजव्या हाताची मूठ त्यावर ठेवली होती. उतार खरबरीत आहे का गुळगुळीत, त्यांनी विचारलं. पोरगी परत पुस्तकात बघायला लागली. लोंबणारा ठोकळा जड का उतारावरचा? चाकाला स्वतःचं वजन आहे का नाही? ती प्रत्येक वेळी पुस्तकात खाली बघायची आणि प्रत्येक वेळी तिला तिथं काहीतरी नवीन सापडायचं.

"मला अजून दिसलं न्हाई," सर म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका पोरानं हळूच पेनचं टोपण काढलं. एवढ्या घरघरीत सरांनी ते ऐकलं. तिकडं मान न वळवता म्हणाले, टोपण लाव, मला दिसायच्या आधी तुला कसं दिसलं? पोरानं टोपण लावलं. मी सरांच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. ते कुणाकडंच बघत नव्हते. त्या पोरीच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडं त्यांचे डोळे लागले होते, आणि तिथंच राहिले होते. मला कळलं, आणि कळल्यावर तोंड आवरेल तर ती मी कसली.

"अगं बाई, ह्यांना तर दिसतच न्हाई."

ऋतूनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. सरांनी सुपारी ह्या गालातून त्या गालात सरकवली.

"हाव बाई. म्हणून पोरांना नीट बघावं लागतं," ते म्हणाले.

बसा म्हणाले, बसलो. रागावले नव्हते. सांगितलं, वीस वर्षं कॉलेजात शिकवत होतो, डोळे हळूहळू बारीक होत गेले आणि मग गेलेच. वर्षभर घरात बसून होतो. एक दिवस शेजारचं पोरगं गणित घेऊन आलं. मी म्हणलं, मला आकृती दिसत नाही, तू सांग. ते सांगत गेलं, मी विचारत गेलो, आणि सांगता सांगताच त्याचं ते सुटलं, मला काही करावंच लागलं नाही. तेव्हापासून हे असंच. आठच्या वर घेत नाही, कारण नवव्याची बोलायची पाळी येत नाही. बुद्धप्रियाला मी नंतर फोनवर चांगली झापली, की हे सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, मावशी, ध्यानातच आलं नाही, सरांना दिसत नाही असं आम्हाला कधी वाटतच नाही.

मग सरांनी ऋतूला पुढं बोलावलं. मार्क विचारले नाहीत. ती आपणहून सूत्रं म्हणायला लागली, तर म्हणाले, ती राहू दे, पाठ करायचं तुझं बायोलॉजीत कर.

"कशानं आलात?"

"एसटीनं."

"मग गाडीत काय बघितलंस ते मला दाखव."

एक मिनिट गेलं, दोन गेली. पोरं वाट बघत होती, सर वाट बघत होते, खाली कुणाचं तरी ज्वारीचं दळण चाललं होतं. मला राहवेना. मीच सुरू केलं, की सर, वाटेत अहमदपूर लागतं. सरांनी माझ्या दिशेनं तळहात उभा केला आणि म्हणाले, तुम्ही न्हाई. सतरा वर्षांत मला असं कुणी गप्प केलं नव्हतं, आणि नवल म्हणजे मी गप्प झाले.

"गाडी भरलेली होती," ऋतू म्हणाली. आवाज गिरणीत बुडाला. सरांनी कानाला हात लावला, तसा तिनं आवाज वाढवला. "आईनं तिची सीट एका बाळंतिणीला दिली. आई उभी होती. तिनं कशालाच धरलं नव्हतं."

"मग पडली कशी न्हाई?"

"ती पाय एक पुढं, एक मागं ठेवते. थोडे फाकून. आणि ब्रेक लागायच्या आधीच मागं कलते."

"आधी? तिला कसं कळतं?"

"ड्रायव्हर आधी पाय उचलतो, इंजिनाचा आवाज बदलतो. बाकीचे लोक ब्रेक लागल्यावर पुढं जातात, मग धडपडतात. ती आवाजावरच मागं होते."

मी माझ्या पायांकडं बघितलं. देवाशप्पथ, हे मला माहीत नव्हतं. मी उभी राहते एवढंच मला माहीत. सरांनी हवेत दोन बोटं उभी केली होती आणि ते ती मागं कलवत होते. ती बोटं म्हणजे मी होते. सर विचारत गेले आणि पोरगी सांगत गेली. वळण आलं की आई वळणाच्या आतल्या अंगाला कलते. वळण आखूड असलं तर जास्त, लांबट असलं तर कमी. माळाकोळीच्या अलीकडं एक वळण आहे, तिथं तर ती तिकीट द्यायचं थांबवते आणि पूर्ण वळण होईपर्यंत तशीच तिरपी राहते. दीड महिना ज्या तोंडातून हाव आणि न्हाई सोडून काही निघालं नव्हतं, त्यातून माझं चालणं, माझं उभं राहणं, माझा तोल असा भरभरून बाहेर पडत होता.

"तुझ्या आईच्या जागी दुप्पट वजनाची बाई उभी केली तर?"

ऋतूनं डोळे मिटले. माझ्या जागी तिनं कुणाला उभं केलं काय की, पण नीट बघून घेतलं.

"तेवढीच कलंल, सर. वजनाचा संबंध न्हाई."

"आणि गाडीचा वेग दुप्पट केला तर?"

"दुप्पट," ती म्हणाली, आणि लगेच थांबली. "न्हाई. थांबा सर. चौपट. म्हणजे कोन न्हाई, कोनाचा टॅन. तो चौपट." मग तिनं तोंडावर हात ठेवला. "सर, हे तर सूत्र हाय. माझ्या तिसऱ्या वहीत हाय. मी शंभर वेळा लिहिलंय ते."

"शंभर वेळा लिहिलंस," सर म्हणाले, "आणि ते रोज तुझ्यासमोर तिकिटं देत उभं होतं."

पोरं हसली. मला हसू येईना. माझ्या अंगात कसलं तरी भरून आलं होतं, त्याला काय म्हणावं मला कळत नव्हतं. एक तर हे, की ज्या विद्येसाठी चारशे लेकरं श्वास धरून बसतात, ती मी सतरा वर्षं दोन पायांवर घेऊन फिरत होते आणि घरी आल्यावर त्या पायांना तेल चोळत होते. पण त्याहून मोठं म्हणजे, पोरगी मला बघत होती. लहानपणी पुढच्या सीटवर बसून बडबडायची, मला वाटायचं खिडकीबाहेर बघते. ती माझे पाय बघत होती. ड्रायव्हरचं इंजिन ऐकत होती. एवढं बारीक बघणाऱ्या लेकराला मी म्हणलं होतं, जन्मात नाही.

सरांनी हात खाली घेतले.

"मला दिसलं," ते म्हणाले. "ह्या पोरीला फिजिक्स येतं. बघायच्या आधी लिहायची घाई हाय, तेवढी सोडवावी लागंल. आठवी जागा हाय माझ्याकडं. येशील का?"

हे त्यांनी तिला विचारलं, मला नाही. तिच्या ओठावर आलेलं हाव मला दिसत होतं. पण ती तशीच उभी राहिली.

"सर, एक सांगायचं राहिलं. आई म्हणली होती, माझ्या डोक्यात फिजिक्स जायचं न्हाई. जन्मात न्हाई."

ती तक्रार करत नव्हती. तसं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले असते. गणितातली एक बाजू सांगायची राहिली, ती सरांना माहीत असावी म्हणून सांगितली, एवढंच. सात पोरांनी माझ्याकडं बघितलं. सरांनी पण मान माझ्या बाजूला वळवली. मला खालच्या गिरणीत उडी टाकावीशी वाटली. मी आजवर कुणापुढं चुकले म्हणून कबूल झाले नाही. कुणाला तिकीट चुकीचं गेलं तरी मी म्हणते, मशीन चुकलं.

"मी चुकले, ऋतू."

गिरणीच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. सर म्हणाले, "बाई, मोठ्यानं."

मग मी उभी राहिले, आणि गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचतो त्या आवाजात म्हणलं, "मी चुकले. रागात बोलले मी. ते खरं न्हाई, ऋतू. ते कधीच खरं नव्हतं."

जूनपासून जे रडणं तिनं दाबून ठेवलं होतं, ते त्या सात परक्या पोरांपुढं बाहेर आलं. मी तिला जवळ घेतलं आणि मी पण रडले, लाज वाटली नाही. सर सुपारी चघळत थांबले. थोड्या वेळानं ऋतूनं ओढणीनं तोंड पुसलं, माझा हात सोडवला आणि सतरंजीवर आठव्या जागी जाऊन बसली. बसल्यावर माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, तू खाली थांब."

मी खाली आले. गिरणीवाल्यानं विचारलं, दळण कुठाय बाई? म्हणलं, वर आहे. त्याला काय कळलं काय की, पण त्यानं मला बसायला तेलाचा रिकामा डबा दिला. मी बसले नाही. वरून पोरांचे आवाज पाळीपाळीनं येत होते, काही घरघरीत बुडत होते, काही वर निघत होते. मी माझ्या पोरीच्या आवाजाची वाट बघत पिठाच्या धुरळ्यात उभी राहिले. बऱ्याच वेळानं तिची पाळी आली. सुरुवातीला नुसतं पुटपुटल्यासारखं. मग आवाज चढत गेला, चढत गेला, आणि शेवटी गिरणीच्या वर निघाला.

"न्हाई सर, तुम्ही चुकीचं बघून राहिले. चाक फिरून राहिलंय, दोरी घसरत न्हाई. मी काय सांगून राहिले आणि तुम्ही काय बघून राहिले? थांबा, परत पहिल्यापासून सांगते."

गिरणीवाल्यानं दळण थांबवून वर बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. आवाज कुणाचा आहे हे त्याला सांगायची गरज पडली नाही.

"बरं बाई," वरून सरांचा आवाज आला. "दाखव."

आणि माझी लेक त्यांना दाखवायला लागली.